कोळशाची खाण आणि शेजारचें गांव

बुलढाण्याच्या डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा देऊळघाटावरून वाहत जाते आणि सुमारें ६७६ किलोमीटरांचा प्रवास करून चंद्रपूर जिल्ह्यांत वढ्याजवळ वर्धेला मिळते. तिच्या ह्या शेवटच्या टप्प्यांत, वणी व घुग्घुस ह्या भागांत, कोळशाच्या खाणी आहेत.

त्या खाणींशीं आमचा काय संबंध, असें देऊळघाटचा एखादा शेतकरी विचारील. त्याच्या विहिरीवरील पंप ज्या विजेवर चालतो, तींत चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राचाही वांटा आहे. आणि तें केंद्र त्या खोऱ्यांतील कोळशावर चालतें. येथील विहिरींचें पाणी वर यावें म्हणून तेथील विहिरी आटतात, हें म्हणणें कडू वाटेल. पण त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं.

उघडी खाण खोदतांना प्रथम काळी माती व तिच्याखालचे दगडांचे थर काढून बाजूला टेकड्या रचतात. खड्डा भूजलाच्या पातळीखालीं गेला कीं चोहोंकडून पाणी झिरपून त्यांत उतरतें. कोळसा काढावयाचा तर तें सतत उपसलें पाहिजे. हा उपसा चालू असतां भोंवतालच्या जमिनींतील पाणी खड्ड्याकडे ओढलें जातें, आणि शेजारच्या उथळ विहिरी उन्हाळ्यापूर्वींच तळ दाखवितात. रचलेल्या टेकड्या पावसांत धुपतात, गाळ नाल्यांत बसतो, आणि पुढचा पूर शेतांत शिरतो. वाहतुकीची काळी धूळ वेंचणीला आलेल्या कापसावर बसते. असा कापूस बाजारांत कोण चांगल्या भावानें घेईल?

जमिनीखालच्या जुन्या खाणींचा धोका निराळा. २०२२ च्या ऑगस्टांत घुग्घुसच्या आमराई भागांतील एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. सुदैवानें घरचीं माणसें वांचलीं. पण शेजारच्या अनेक कुटुंबांना तेथून हलवावें लागलें.

हा उद्योग त्या भागाला नवा नव्हे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्येंच बंद पडली होती. १९७३ सालीं कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें. त्यांनीं पुष्कळांना रोजगार दिला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

खरा प्रश्न भरपाईचा आहे. कोळशाच्या जमिनी १९५७ च्या स्वतंत्र कायद्यानें घेतल्या जातात. जमीन गेली तर मोबदला मिळतो, आणि कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणांत दोन एकरांमागें एक नोकरी देण्याची तरतूद आहे. म्हणजे हिशेब सातबाऱ्याचा. दुसऱ्याच्या शेतांत राबणाऱ्या मजुराच्या नांवावर एकरच नाहींत. त्याला ह्या हिशेबानें नोकरी कोठून मिळणार? आणि ज्याचें शेत संपादनाच्या रेषेबाहेर एका बांधावर राहिलें, त्याची जमीन गेली नाहीं, फक्त विहीर गेली. माझ्या मतें सर्वांत अधिक अडचणींत सांपडतो तो हाच मनुष्य.

दूर दक्षिण आफ्रिकेंतही असाच अनुभव आहे. विटबँकच्या कोळशांतील गंधकयुक्त खनिजाशीं हवा व पाणी यांचा संयोग होऊन आम्ल बनतें, आणि सोडून दिलेल्या खाणींतून तें ओलिफांट्स नदीच्या खोऱ्यांत झिरपतें. खाण बंद झाली तरी तें झिरपणें थांबत नाहीं. नदीकांठच्या शेतकऱ्यानें मग कोणाकडे दाद मागावी?

निदान एक गोष्ट सहज करतां येण्याजोगी आहे. खाणीचें पहिलें फावडें पडण्यापूर्वीं परिसरांतील प्रत्येक विहिरीची पातळी, ऋतुमानाप्रमाणें, ग्रामपंचायतीच्या दप्तरीं नोंदवून ठेवावी. ती नोंद नसेल तर विहीर खाणीमुळें आटली कीं अवर्षणानें, ह्याचा पुरावा देण्याची पाळी शेतकऱ्यावरच येते; आणि तोंपर्यंत पाणी तर गेलेलेंच असतें.