रावघाटचा डोंगर आणि भिलाईची भट्टी

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला त्या शहरातील लोक ‘अजब बंगला’ म्हणतात. १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा या बंगल्यात सहज शिरले, ही हकीकत भारतातील पोलाद-उद्योगाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे लोहखनिज होते, परंतु जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा नव्हता. शोध सोडून देत आहोत, असे सरकारला कळवण्यासाठी ते नागपुरास आले होते. अधिकाऱ्याच्या भेटीस थोडा अवकाश होता, म्हणून ते संग्रहालयात गेले आणि तेथे टांगलेल्या मध्यप्रांताच्या भूस्तरीय नकाशावर, दुर्ग जिल्ह्याच्या जागी, लोखंडाच्या खुणा त्यांच्या नजरेस पडल्या. प्रमथनाथ बोस या भूशास्त्रज्ञाने पूर्वीच त्या भागाची पाहणी करून ठेवली होती. दोराबजी व त्यांचे सहकारी वेल्ड डल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर चढले, तेव्हा पायाखालचा खडक धातूसारखा वाजत होता असे म्हणतात. तथापि तेथेही कोळसा व पुरेसे पाणी जवळ नसल्याने टाटांचा कारखाना पुढे साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास गेला आणि दुर्गचा डोंगर अर्धशतक तसाच राहिला.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि त्या डोंगराचे भवितव्य ठरले. भिलाई हे दुर्गजवळचे एक लहान गाव. मुंबई-हावडा लोहमार्ग जवळून गेलेला, तांदुळा जलाशयाचे पाणी कालव्याने आणता येण्याजोगे, चुनखडी नंदिनीला आणि खनिज राजहऱ्याला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दहा लाख टनांच्या क्षमतेने आरंभ झालेला हा कारखाना १९६७ मध्ये पंचवीस लाखांवर, १९८८ मध्ये चाळीस लाखांवर गेला, आणि पुढे सत्तर लाख टनांपर्यंतचा विस्तार हाती घेऊन १४ जून २०१८ रोजी तो राष्ट्रार्पण करण्यात आला. विदर्भातून नोकरीसाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे या भट्ट्यांच्या आधाराने तेथे स्थायिक झाली. दुर्गचा सारा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता, तेव्हा ती फार दूर गेली असेही म्हणता येत नाही.

भिलाईची जागा ठरली, तेव्हा कोणते निकष लावले गेले? खनिज, पाणी, लोहमार्ग, सपाट जमीन. ज्यांची शेते गेली त्यांना मोबदला द्यावा लागला. पण डोंगर फोडल्याने ओढ्याचे काय होईल, रान तुटल्याने मोहफुले वेचणाऱ्या बाईचे काय होईल, हे प्रश्न कोणत्याही नमुन्यातील रकाना भरण्यासाठी विचारले जात नव्हते. याचा दोष त्या पिढीला द्यावा असे नाही. जगात कोठेच तसा रकाना नव्हता.

तो प्रथम अमेरिकेत निर्माण झाला, आणि त्या काळातील एक गाजलेला तंटा बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा होता, ही गोष्ट मौजेची वाटेल. कॅलिफोर्नियातील मिनरल किंग नावाच्या दरीत, सरकारी वनजमिनीवर, या खेळासाठी मोठे क्रीडास्थान उभारण्याची योजना डिस्ने कंपनीने मांडली होती आणि १९६५ साली वनखात्याने तिची निवड केली होती. सिएरा क्लब या संस्थेने १९६९ साली न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी तेथील काँग्रेसने राष्ट्रीय पर्यावरण-धोरणाचा कायदा संमत केला व १ जानेवारी १९७० रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. संघ सरकारने मोठे काम करण्यापूर्वी किंवा त्याला मान्यता देण्यापूर्वी त्याचे परिणाम व त्याला असलेले पर्याय लिहून काढावेत, एवढीच त्याची साधी मागणी. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सिएरा क्लब हरला. पण दाव्याला लागलेला काळ आणि नव्या कायद्याने मागितलेली तपासणी यांत योजना रखडली, आणि १९७८ मध्ये ती दरी सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. दरी वाचली, कारण प्रश्न विचारला गेला तेव्हा तेथे अजून काहीच बांधलेले नव्हते.

भारतात ही कल्पना टप्प्याटप्प्याने आली. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने वनजमीन अन्य कामासाठी देण्यापूर्वी केंद्र सरकारची मान्यता आवश्यक केली. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९९४ साली पर्यावरण-परिणामांच्या मूल्यमापनाची अधिसूचना निघाली, आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी तिची जागा दुसऱ्या, अधिक तपशीलवार अधिसूचनेने घेतली. नव्या प्रकल्पाप्रमाणेच जुन्याच्या विस्तारालाही ती लागू आहे. अहवालात काय तपासावे हे तज्ज्ञांची समिती ठरवते, अहवाल तयार होतो, जनसुनावणी होते, आणि समिती सर्व कागद पाहून शिफारस करते. मंजुरी मिळालीच तर ती अटींसह मिळते, व त्या अटी पाळल्या जात आहेत की नाहीत याचा वृत्तान्त दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो.

कागदावर ही रचना निर्दोष भासते. तिच्या सांध्यांकडे मात्र निरखून पाहिले पाहिजे. अहवाल जो लिहितो तो सल्लागार प्रकल्पकर्त्याने नेमलेला असतो आणि त्याचे शुल्कही प्रकल्पकर्ताच देतो. परीक्षार्थ्याने परीक्षकाचा पगार द्यावा, तसा हा प्रकार. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हवा, पाणी व माती यांची मूळ स्थिती नोंदवण्यासाठी बहुधा एका ऋतूची मोजणी पुरेशी मानली जाते, आणि तो ऋतू पावसाळ्याव्यतिरिक्त असावा असा संकेत आहे. लोहखनिजाच्या मुलखात खरे संकट पावसाळ्यातच उतरते. खाणीतील टाकाऊ मातीचे ढीग भिजतात, खनिज धुतल्यानंतर उरलेला बारीक गाळ वाहू लागतो, ओढे तांबडे होतात, आणि तो तांबडा थर भाताच्या खाचरात बसतो. जानेवारीत बाटलीत भरलेले स्वच्छ पाणी ऑगस्टमधल्या शेताची साक्ष कशी देणार?

या पार्श्वभूमीवर रावघाटकडे वळले पाहिजे. राजहऱ्याच्या डोंगरांतील उत्तम प्रतीचे खनिज सहा दशकांच्या खणाईनंतर सरत आले. एक टन पोलादाला साधारण दीड टनाहून अधिक खनिज लागते. सत्तर लाख टनांच्या कारखान्याची वार्षिक भूक त्यावरून सहज काढता येईल. ती भागवण्यासाठी भिलाईची दृष्टी दक्षिणेला, कांकेर व नारायणपूर जिल्ह्यांच्या सीमेवरील रावघाटच्या डोंगररांगेवर फार पूर्वीपासून लागलेली होती. हे रान साल वृक्षांचे, राखीव जंगलाचे. आणि तो डोंगर परिसरातील गोंड लोकांच्या श्रद्धेनुसार राजाराव या देवाचे स्थान. २००९ साली तेथील ‘एफ’ साठ्याला वर्षाला एक कोटी चाळीस लाख टन उत्पादनाची पर्यावरण-मंजुरी मिळाली. खाणपट्टा सुमारे २,०२९ हेक्टरांचा, आणि त्यात वनेतर उपयोगासाठी मोकळी केलेली वनजमीन सुमारे ८८३ हेक्टरांची.

अशा वनजमिनीच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावायची असतात आणि गेलेल्या जंगलाचे वर्तमान मूल्य रुपयांत भरायचे असते. सालाचे रान लागवडीने सहजी उभे राहत नाही, हे वनखात्यातील अनुभवी मंडळीच सांगतात. शिवाय मोह, चारोळी, तेंदूपान, हिरडा यांवर ज्या गावाचे वर्ष निघते, त्याला शंभर कोसांवर वाढणाऱ्या रोपांचा उपयोग तो काय!

त्याच २००९ सालच्या ऑगस्टमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचा निवाडा पूर्ण झाल्याचे व संबंधित ग्रामसभांची संमती असल्याचे पुरावे वनजमिनीच्या प्रस्तावासोबत असावेत, असे त्यात म्हटले होते. रावघाटच्या परिसरातील ग्रामस्थांची तक्रार नेमकी याच मुद्द्यावर राहिली आहे: हक्क ठरण्यापूर्वी डोंगर ठरला. या तक्रारीला एक अवघड पार्श्वभूमी होती. हा मुलूख अनेक वर्षे माओवाद्यांच्या सशस्त्र कारवायांचा होता, आणि लोहमार्गाच्या कामाच्या रक्षणासाठी सशस्त्र सीमा बलाची ठाणी बसवावी लागली. दोन्ही बाजूंना बंदूक असताना मधल्या माणसाने सुनावणीत उभे राहून मोकळेपणाने बोलावे, ही अपेक्षा कायद्याच्या भाषेत सोपी दिसते.

भाषेचा प्रश्नही आहेच. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा, असा नियम आहे. छत्तीसगडात तो व्यवहारतः हिंदीत असतो. रावघाटच्या पायथ्याशी लोक गोंडी बोलतात, आणि बाजारात हलबी चालते. ही हलबी मराठी माणसाने एकदा अवश्य ऐकावी. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात स्थान दिले होते. ‘धूलिकणांचे अनुज्ञेय प्रमाण’ या शब्दप्रयोगाला तिच्यात काय म्हणायचे, हे सुनावणीच्या मंडपात कोणी तरी त्याच क्षणी ठरवायचे असते.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. तेथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्या खाणीचे उत्पादन वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाची जनसुनावणी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये झाली, ती गडचिरोली शहरात. सुनावणी प्रकल्पाच्या ठिकाणी अथवा त्याच्या निकट व्हावी, असे अधिसूचना सांगते. सूरजागडच्या माणसाला त्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून आपले म्हणणे सांगायला जावे लागले.

रावघाटच्या बाबतीत सर्वांत मोठी उणीव कदाचित याहून निराळी आहे. कारखान्याचा विस्तार, खाण आणि लोहमार्ग ही तीन कामे वस्तुतः एकच. डल्ली-राजहऱ्याहून रावघाटापर्यंतचा सुमारे ९५ किलोमीटरांचा मार्ग खनिजासाठी टाकला गेला, आणि खनिज भट्टीसाठी. परंतु तपासणीच्या कागदात ती स्वतंत्र प्रकरणे ठरतात. भिलाईत अब्जावधी रुपयांच्या भट्ट्या उभ्या राहिल्यावर, रूळ डोंगराच्या रोखाने निघाल्यावर, ‘हा डोंगर फोडावा की न फोडावा’ या प्रश्नाचे एकच उत्तर शिल्लक उरते. मग चर्चा कशी फोडावी, किती झाकावे, धूळ किती उडू द्यावी, एवढ्यापुरती राहते. ही चर्चाही निरर्थक नसते. गाळ अडवणारा बांध नीट बांधला तर खालच्या गावाची खाचरे वाचतात, आणि ती वाचणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण मिनरल किंगच्या दरीला जो प्रश्न वेळेवर लाभला, तो हा नव्हे. मंजुरी आधी की काम आधी, हा वाद तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही मिटलेला दिसत नाही: काम झाल्यावर दिलेल्या पर्यावरण-मंजुऱ्या मे २०२५ मध्ये त्याने अवैध ठरवल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बहुमताने तो निर्णय मागे घेतला.

भिलाईच्या रुळांवरून देशाच्या गाड्या धावतात, हे विसरून चालणार नाही. लांब रुळांसाठी हा कारखाना प्रसिद्ध आहे, आणि पोलादाविना पूल, धरणे, रुग्णालये उभी राहत नाहीत. रावघाटच्या बाजूने बोलणारेही पोलादाच्या ताटातच जेवतात. म्हणून हा तंटा चांगले आणि वाईट यांच्यातला नाही. कोणाच्या गरजेची मोजणी आधी झाली, आणि कोणाची नंतर, किंवा झालीच नाही, असा तो आहे.

३ ऑक्टोबर २०२३ रोजी जगदलपूर येथील समारंभात अंतागढ ते तारोकी हा लोहमार्गाचा टप्पा राष्ट्रार्पण झाला. अंतागढपर्यंत प्रवासी गाडी आदल्या वर्षीच सुरू झाली होती, आणि ज्यांना पूर्वी दुर्ग-रायपूरला जाण्यासाठी बसने दिवस घालवावा लागे त्यांना ती खरोखरच सोयीची आहे. त्याच मार्गाने खनिज उत्तरेला येते. तारोकीच्या पुढे रान दाट होत जाते, आणि रावघाटचा डोंगर तेथून फार दूर नाही.