विमानात वरच्या वर्गाची जागा कशी मिळते?

मालाच्या खरेदीसाठी मुंबई-दुबई ये-जा करणाऱ्या अनेक बांधवांना वाटते की, काउंटरवर विनंती केली की बिझनेस क्लास मिळतो. तसे क्वचितच घडते. विमान कंपन्या बऱ्याचदा जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. इकॉनॉमीत जागा उरली नाही की काही प्रवाशांना वरच्या वर्गात बसवतात. त्यात नेहमीच्या सदस्यांचा व महाग तिकीटवाल्यांचा नंबर आधी लागतो.

म्हणून आम्ही सुचवतो की, शक्यतो एकाच कंपनीने प्रवास करावा. एमिरेट्सच्या 'स्कायवर्ड्स' योजनेचे सदस्यत्व मोफत आहे. तो क्रमांक एजंटाकडून तिकिटावर नोंदवून घ्यावा. मालाचे नमुने नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, अशी फुकट जागा मिळाली तरी सामानाची मर्यादा सहसा मूळ तिकिटाचीच राहते. निव्वळ या आशेवर महाग तिकीट काढणे हा तोट्याचा सौदा होय.