रानभाजीचा कस: अँटिऑक्सिडंट चाचणी आणि तिच्या मर्यादा

भिवंडीची ओळख यंत्रमागांची आणि गोदामांची असली, तरी वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला तानसा नदीच्या खोऱ्यात रान अजून टिकून आहे. उन्हाळ्यात करवंदे-जांभळे आणि पाऊस लागताच शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली हा रानमेवा आदिवासी बायकांच्या पाट्यांतून बाजारात येतो. अशा वनस्पतींची अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना निष्प्रभ करण्याची ताकद, प्रयोगशाळेत मोजता येते.

पहिली पायरी ओळखीची. एकाच झाडाची नावे गावागणिक बदलतात, म्हणून थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशासारख्या (१९०१–१९०८) ग्रंथांवरून शास्त्रीय नाव ठरवतात. वाळवलेला नमुना मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहतात. ओळख चुकली, तर पुढचे सगळे आकडे वाया जातात.

त्यानंतर पाने सावलीत वाळवून दळतात आणि भुकटी मिथेनॉल, इथेनॉल किंवा पाण्यात भिजवून अर्क काढतात. द्रावक बदलला की अर्कात उतरणारी द्रव्ये बदलतात, त्यामुळे निष्कर्षही बदलतो.

सर्वांत रुळलेली चाचणी डीपीपीएचची. १९५८मध्ये ब्लॉइस यांनी मांडलेल्या या पद्धतीत डीपीपीएच या मुक्त मूलकाच्या गडद जांभळ्या द्रावणात अर्क घालून अंधारात ठेवतात. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत पिवळा होतो. हा उतार स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला मोजतात. मूळ वाचन ०.८० असून ते ०.४० वर आले, तर ५० टक्के मूलके निष्प्रभ झाली. त्यासाठी लागणारी अर्काची मात्रा म्हणजे आयसी-५०. ती जितकी कमी, तितका अर्क प्रभावी. तुलनेला क जीवनसत्त्व घेतात. एकूण फिनॉलिक द्रव्यांसाठी फोलिन-सिओकाल्टू, तर लोहाचे क्षपण मोजण्यासाठी १९९६ची फ्रॅप चाचणी वापरतात.

या चाचण्यांना खाचखळगे आहेत. जांभूळ-करवंदातील अँथोसायनिन स्वतःच ५१७च्या आसपास प्रकाश शोषते. अर्काचा हा रंग वजा केला नाही तर वाचन फसवे येते. फोलिन अभिकर्मक क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देतो. म्हणून एकाच चाचणीवर भिस्त ठेवत नाहीत.

मोठा प्रश्न ताटातला आहे. भारंगीचा पाला उकडून, कडू पाणी पिळून टाकून भाजी करतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाला खाज सुटू नये म्हणून त्यात काकड या झाडाची आंबट फळे घालतात. कच्च्या पानाच्या मिथेनॉल अर्काचा आकडा अशा शिजलेल्या भाजीला जसाच्या तसा लागू होत नाही. तिची चाचणी वेगळीच घ्यावी लागते.

शिवाय परीक्षानळीतले यश शरीरात उतरेलच असे नाही. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारी ओरॅक सारणी २०१२मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. त्यामुळे या चाचण्या चाळणीचे काम करतात: कोणत्या वनस्पतीचा पुढे अभ्यास करावा, एवढे त्या सांगतात. औषध ठरवण्यासाठी द्रव्याची ओळख, विषारीपणाची तपासणी आणि माणसांवरील चाचण्या हे टप्पे पार करावे लागतात.