पावसाळी कच्चे रस्ते आणि टायरची निवड

सत्तरी, सांगे व काणकोण तालुक्यांतील डोंगराळ भागांत पावसाळ्यात मातीचे रस्ते निसरडे होतात. रात्री-अपरात्री रुग्णास इस्पितळात नेणारी जीप अशा चढावर अडकू नये, यासाठी टायरची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

साध्या टायरच्या अरुंद खाचांत चिखल भरला की पकड सुटते. 'ऑल टेरेन' टायरच्या खाचा रुंद असल्याने चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. केवळ चिखलासाठी बनविलेल्या टायरच्या खाचा याहूनही रुंद असतात. परंतु ओल्या डांबरी रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते व ते लवकर झिजतात. म्हणून दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनास ऑल टेरेन टायरच इष्ट होत.

खरेदीच्या वेळी टायरच्या कडेवरील चार अंक पाहावेत. '२३२५' म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील उत्पादन. जीप-मोटारींच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मि.मी.पेक्षा कमी नसावी, असा नियम आहे. तथापि चिखलात पकड त्यापूर्वीच क्षीण होते. यास्तव वाहनधारकांनी मृग नक्षत्रापूर्वीच चारही टायर तपासून घ्यावेत.