अबोल दुःख

खेळताना मुलगा पडला, गुडघा फुटला आणि डोळ्यांत पाणी आले, की जवळचे कोणीतरी हटकून म्हणते, "अरे, मुलीसारखा रडतोस काय?" मुलगा डोळे पुसतो. गुडघा चार दिवसांत बरा होतो; दुःख लपवण्याची सवय मात्र जडून राहते. हाच मुलगा पुढे महाविद्यालयात जातो. गाव सुटलेले असते, वसतिगृहातील सोबती अनोळखी असतात, अभ्यास झेपेनासा होतो, घरून येणाऱ्या पैशांचा विचार मनात सलत असतो. तरीही वडिलांनी विचारले, तर उत्तर एकच : "सगळे ठीक आहे."

असे अबोल दुःख किती खोल जाते, हे जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या चरित्रावरून कळते. गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर ज्याच्या ग्रंथांचा प्रभाव पडला, तोच हा मिल. वडिलांनी त्यास तिसऱ्या वर्षी ग्रीक व आठव्या वर्षी लॅटिन शिकवण्यास प्रारंभ केला. बुद्धी तल्लख झाली. भावनांना मात्र त्या शिक्षणात फारसे स्थान नव्हते. १८२६ साली, विसाव्या वर्षी, त्याचे मन एकाएकी विझल्यासारखे झाले. आवडीची पुस्तके नीरस वाटू लागली. रात्रीच्या झोपेनेही उतार पडेना. नेहमीची कामे तो यंत्रासारखी उरकत राहिला आणि कोणाजवळही चकार शब्द बोलला नाही. वडिलांना सांगावे, तर आपली शिक्षणयोजना फसली म्हणून त्यांना उगाच क्लेश होतील, असे त्यास वाटे.

सुमारे सहा महिन्यांनी तो मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचत होता. वडील वारल्यावर एक लहान मुलगा साऱ्या घराचा आधार होण्याचे ठरवतो, हा प्रसंग वाचताना मिलचे डोळे भरून आले. आपले हृदय दगडाचे झालेले नाही, हे त्या अश्रूंनी त्यास पटवले आणि मनावरचा भार हलका होऊ लागला. उदासी पुढेही अधूनमधून परतली, परंतु पूर्वीइतकी गडद नव्हे. ही हकीकत त्याने आत्मचरित्रात लिहिली. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ साली प्रसिद्ध झाले.

मिलला ते पान योगायोगाने सापडले. प्रत्येकाचे दैव असे बलवत्तर नसते. ताप आलेल्या मुलास कोणी भेकड म्हणत नाही, त्याला वैद्याकडे नेतात. मनाच्या दुखण्याला तेवढाही मान मिळू नये, हे नवलच! म्हणून आता निराळी व्यवस्था होत आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा तत्सम जाणकार असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी भारत सरकारने 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि तेही मराठीतून.

समुपदेशक उपदेश करीत नाही. तो आधी ऐकतो. झोप, भूक, अभ्यास, मित्र यांविषयी विचारतो आणि गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. ऐकलेले तो गुप्त ठेवतो. जिवास धोका असेल, तरच इतरांना कळवतो. पहिल्या भेटीत पुष्कळ मुले "झोप लागत नाही," एवढेच सांगतात. खरी गोष्ट ओठांवर येण्यास दोन-तीन भेटी जाव्या लागतात.