एक प्रभाग, चार नगरसेवक: नाशिक महापालिका निवडणुकीची घडण

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, तेव्हा नाशिकमधील बहुतेक मतदारांना एकाच खेपेत चार वेळा बटण दाबावे लागले आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी संपल्यावर त्यांच्या वाट्याला एक नव्हे, तर चार नगरसेवक आले. या व्यवस्थेला बहुसदस्यीय प्रभाग पद्धत म्हणतात. प्रभाग म्हणजे निवडणुकीसाठी पाडलेला शहराचा भाग. त्याची सीमा कोठून जाते, त्यात किती जागा असतात आणि त्यांपैकी कोणती जागा कोणासाठी राखीव असते, यावर निकालाचा बराच भाग प्रचाराचा नारळ फुटण्यापूर्वीच अवलंबून असतो. निवडणुकीच्या दिवसांत चर्चा उमेदवारांची होते आणि ते स्वाभाविकही आहे, तथापि नाशिकच्या गेल्या पंचवीस वर्षांतील राजकारण समजून घ्यायचे तर प्रभागाच्या नकाशापासून सुरुवात करणे अधिक उपयुक्त ठरते.

नाशिकला नगरपालिका मिळाली ती १८६४ मध्ये. लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्यासंबंधीचा ठराव केल्यानंतर लोकनियुक्त सभासदांचा वाटा वाढू लागला, आणि पुढे शंभर वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९८२ रोजी, नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची अनेक गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. परंतु महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीसाठी १९९२ साल उजाडावे लागले, तोवर कारभार प्रशासकाच्या, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती राहिला. शांतारामबापू वावरे हे त्या सभागृहाचे पहिले महापौर. नाशिकच्या महापालिकेने आपल्या आयुष्याची पहिली दहा वर्षे लोकप्रतिनिधींशिवाय काढली, ही गोष्ट २०२२ नंतरच्या प्रशासकीय राजवटीसंबंधी बोलताना सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

सदस्यसंख्या ठरते ती जनगणनेवरून. बारा लाखांहून अधिक आणि चोवीस लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या महापालिकेला किमान ११५ सदस्य आणि बारा लाखांपुढील प्रत्येक चाळीस हजारांमागे एक वाढीव सदस्य, असे कायद्याचे सूत्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. बारा लाख वजा केल्यावर उरलेल्या संख्येत चाळीस हजारांचे सात पूर्ण भाग पडतात, म्हणून सदस्य १२२. हे १२२ सदस्य ३१ प्रभागांत वाटले गेले, त्यांपैकी २९ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. एका नगरसेवकामागे सुमारे १२,१८० लोक येतात, त्यामुळे चार सदस्यांच्या प्रभागात साधारण ४८,७०० लोक असावेत आणि या सरासरीत दहा टक्क्यांपर्यंत कमीअधिक चालते, असा दंडक आहे. जनगणना मात्र २०११ ची आहे, हे विसरून चालणार नाही, कारण त्यानंतरच्या पंधरा वर्षांत गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव या बाजूंना ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील माणसे मतदारयादीत दिसतात, पण प्रभाग पाडताना हिशेबात धरली जात नाहीत.

प्रभागांना क्रमांक देण्याचीही ठरलेली रीत आहे. शहराच्या उत्तरेकडून सुरुवात करावी, उत्तर-पूर्व, पूर्व, मग पश्चिम असे सरकत दक्षिणेला शेवट करावा, सीमा शक्यतो नदी, नाले, मोठे रस्ते, लोहमार्ग यांना धरून आखाव्यात आणि जनगणनेच्या वेळी पाडलेले प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजणीसाठी सोपवलेले घरांचे समूह, फोडू नयेत, अशा सूचना असतात. आयुक्तांच्या कार्यालयात आराखडा तयार होतो, त्यावर हरकती व सूचना मागवून सुनावणी होते आणि राज्य निवडणूक आयोगाच्या मान्यतेनंतर तो अंतिम ठरतो. नियम कागदावर निर्दोष दिसतात. मात्र एखादी झोपडपट्टी, एखादी सोसायटी किंवा एखादा मळा रस्त्याच्या अलीकडच्या प्रभागात गेला की पलीकडच्या, यावरून इच्छुकांची झोप उडते. हरकतींच्या सुनावणीला प्रचारसभेहून अधिक जाणकार मंडळी जमतात, ती त्यामुळेच.

सीमेपेक्षाही मोठा वाद आहे तो एका प्रभागात किती सदस्य असावेत याचा, आणि त्याचे उत्तर २००२ ते २०१७ या काळात नाशिकने दर निवडणुकीला निराळे पाहिले आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक, २०१२ मध्ये दोन सदस्यांचे ६१ प्रभाग आणि २०१७ मध्ये चार सदस्यांची पद्धत आली. २०२२ च्या नियोजित निवडणुकीसाठी महाविकास आघाडी सरकारने पुन्हा तीन सदस्यांचा प्रभाग आणला आणि किमान सदस्यसंख्या ११५ वरून १२६ केली, तेव्हा नाशिकसाठी १३३ जागा आणि ४४ प्रभागांची रचना तयार झाली. त्याच वर्षी सत्तापालट झाल्यावर नव्या सरकारने ती रद्द करून २०१७ ची संख्या कायम केली. प्रत्येक सरकारने आपल्या निर्णयामागे प्रशासकीय सोयीचे कारण दिले, पण सोय कोणाची, हा प्रश्न राहतोच. मोठ्या प्रभागात स्वतःच्या गल्लीपुरती ओळख असलेला कार्यकर्ता पन्नास हजार लोकांपर्यंत पोहोचू शकत नाही, तिथे पक्षाचे चिन्ह आणि चार जणांचे पॅनेल लागते. त्यामुळे संघटना आणि पैसा ज्याच्याकडे भक्कम, त्याला हा आकार मानवतो. नाशिकमध्ये २०१२ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने १२२ पैकी ४० जागा जिंकून महापौरपद मिळवले होते, तर २०१७ च्या चार सदस्यीय निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला ६६, शिवसेनेला ३५, काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसला प्रत्येकी ६ आणि मनसेला ५ जागा मिळाल्या. या उलथापालथीला राज्यातील वारे कारणीभूत होतेच, परंतु मोठ्या प्रभागाने त्या वाऱ्याला अधिक वेग दिला, असे म्हणण्यास जागा आहे. २०२६ मध्येही त्याच रचनेत भाजपने सलग दुसऱ्यांदा स्वबळावर बहुमत मिळवले.

प्रभागातील जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. अनुसूचित जाती व जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, ज्या प्रभागांत ते प्रमाण जास्त तिथे दिल्या जातात; नागरिकांचा मागास प्रवर्ग, म्हणजे ओबीसी, आणि महिला यांच्या जागा ठरवताना जाहीर सोडत, अर्थात चिठ्ठ्या टाकून निवड, करावी लागते. २०२५ मध्ये महापालिकांची ही सोडत ११ नोव्हेंबर रोजी निघाली. राखीव जागा आधीच्या अक्षरांकडे आणि सर्वसाधारण जागा शेवटाकडे अशी मांडणी असल्याने अनेक प्रभागांत ‘ड’ ही खुली जागा असते आणि प्रभागातील वजनदार मंडळी तिच्यावर डोळा ठेवून असतात. महिलांना निम्म्या जागा देणारा कायदा २०११ मध्ये झाला, त्यामुळे नाशिकच्या सभागृहात १२२ पैकी ६१ जागा महिलांच्या असतात: चार सदस्यांच्या प्रत्येक प्रभागात दोन आणि तीन सदस्यांच्या दोन प्रभागांपैकी एकात दोन, दुसऱ्यात एक. बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूचा खरा युक्तिवाद येथे आहे, कारण एका सदस्याच्या वॉर्डात सोडत निघाली की काम करणाऱ्या पुरुष नगरसेवकाला घरी बसावे लागते किंवा पत्नीला उभे करून कारभार स्वतः हाकण्याची वाट धरली जाते. चार जागांत दोघांनाही वाव राहतो. पत्नी नगरसेविका आणि फलकावर फोटो पतीचा, हा प्रकार त्यामुळे थांबला असे मात्र नाही.

मतदानकेंद्रात हे सगळे यंत्राच्या रूपाने समोर येते. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची, प्रत्येकीच्या शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, आणि सर्व जागांसाठी बटण दाबून झाल्यावरच मतदान पूर्ण झाल्याचा लांब आवाज येतो. मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रणा, जी लोकसभा व विधानसभेला असते, ती येथे नसते. चारही मते एकाच पक्षाला द्यावीत असे बंधन नाही आणि नाशिकचा मतदार अनेकदा ती वाटूनही टाकतो. म्हणून ‘पॅनेल टू पॅनेल मतदान करा’ अशी विनवणी प्रचाराच्या अखेरच्या टप्प्यात ऐकू येते. उमेदवारीसाठीची झुंजही या रचनेमुळे वेगळे वळण घेते. पक्षाने अधिकृत केलेल्या व्यक्तीचे नाव कळवणारा ‘ए’ आणि त्या व्यक्तीने उमेदवाराचे नाव कळवणारा ‘बी’, हे दोन अर्ज मिळून होणारा एबी फॉर्म हाती आला तरच चिन्ह मिळते. ३० डिसेंबर २०२५ रोजी, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, नाशिकमध्ये एका पक्षाच्या इच्छुकांनी हे फॉर्म नेणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या गाडीचा पाठलाग केला, याची चर्चा राज्यभर झाली.

इंग्लंडमधील जिल्हा परिषदांशी, म्हणजे तेथील तालुक्याएवढ्या क्षेत्राच्या नगरसंस्थांशी, तुलना केली तर बहुसदस्यीय प्रभाग ही आपली खासियत नाही हे कळते. तिथेही अनेक वॉर्डांतून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात, परंतु मतदाराला एकच कागद मिळतो, त्यावर जागांइतक्या उमेदवारांपुढे पेन्सिलीने फुली मारता येते आणि सर्वाधिक मते मिळवणारे दोघे-तिघे निवडून येतात. राखीव जागा नसल्याने अ, ब, क, ड असे तुकडे पडत नाहीत. मतदान मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होते आणि काही ठिकाणी सर्व सभासद एकदम न बदलता चारपैकी तीन वर्षे एक-तृतीयांश निवडले जातात. तेथील एक सदस्य साधारणपणे दोन-तीन हजार मतदारांचा प्रतिनिधी असतो, तर नाशिकच्या प्रभागात चौघे मिळून जवळजवळ पन्नास हजार लोकांचे. चौघांपैकी गटाराची तक्रार कोणाकडे न्यायची, हे कायदा सांगत नाही. काही प्रभागांत नगरसेवक आपापसांत भाग वाटून घेतात, काही ठिकाणी एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि झालेल्या कामाच्या फलकावर चौघांचीही नावे झळकतात.

यापुढचा फरक अधिक मूलभूत आहे. इंग्लंडच्या परिषदेत निवडून आलेले सदस्य सहसा आपल्यातून नेता निवडतात आणि तो कार्यकारी मंडळ नेमतो, अधिकारी हे परिषदेचे नोकर असतात. नाशिकमध्ये कार्यकारी अधिकार राज्य शासनाने पाठवलेल्या आयुक्तांकडे असतो, जी मांडणी मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासून चालत आली आहे. महापौर अडीच वर्षांसाठी, नगरसेवकांच्या मतांनी निवडला जातो आणि त्या पदाचे आरक्षणही सोडतीने मंत्रालयात ठरते. खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांना मान्यता देणारी सोळा सदस्यांची स्थायी समिती मात्र खऱ्या अर्थाने वजनदार. नगरसेवक आणि आयुक्त यांच्यातील ताण नाशिकने २०१८ मध्ये जवळून पाहिला, जेव्हा घरपट्टीच्या वाढीव दरांवरून आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव आला. कायद्यानुसार एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर आयुक्तांना परत बोलवावे लागते, परंतु मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर प्रस्ताव मागे घेण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली. निर्णय महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नव्हे, मुंबईत झाला, हे दोन्ही वेळा स्पष्ट दिसले.

२०१७ च्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे पुढची निवडणूक रखडली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात हे आरक्षण देण्यापूर्वी आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करणे, प्रमाण ठरवणे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांत ठेवणे अशा तीन अटी घातल्या होत्या. त्यानंतर या माहितीसाठी नेमलेला बांठिया आयोग, पुन्हा सुनावण्या, ६ मे २०२५ चा निवडणुका घेण्याचा आदेश आणि अखेर ३१ जानेवारी २०२६ ची मुदत, असा प्रवास झाला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितले असतानाही नाशिकचा कारभार जवळजवळ तीन वर्षे दहा महिने प्रशासकाकडे राहिला. या काळात महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटले, आणि सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर २०२५ च्या अखेरीस नागरिक रस्त्यावर उतरले, तेव्हा सभागृहात प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता. नव्या सभागृहाचे हातही पुरते मोकळे नाहीत, कारण कुंभमेळ्यासाठी २०२५ मध्ये कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले असून शहरातील मोठ्या खर्चाची बरीचशी सूत्रे त्याच्याकडे आहेत.

प्रभागांचा सध्याचा नकाशा मात्र फार काळ टिकणार नाही. २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती आल्यावर चाळीस हजारांचे सूत्र पुन्हा लावावे लागेल. समजा शहराची लोकसंख्या अठरा लाख भरली, तर सदस्यसंख्या १३० होईल आणि आठ वाढीव जागांपैकी बहुतेक जुन्या नाशिककडे न जाता बाहेरच्या वाढत्या वस्त्यांकडे जातील. तेव्हा प्रभाग चारचा ठेवायचा, तीनचा की एकाचा, हा निर्णय पुन्हा विधिमंडळात होईल.