चाळिशीनंतर व्हायोला? अवश्य शिका!

मुलं आपापल्या वाटेला लागली, सकाळची धावपळ जरा ओसरली, की दुपारचा एखादा तास मोकळा मिळू लागतो. मग इतकी वर्षं मनात दडपून ठेवलेली हौस हळूच डोकं वर काढते. तुमची हौस गजाने वाजवायच्या वाद्याची असेल, तर मैत्रिणींनो, आज एका जरा वेगळ्या वाद्याची ओळख करून घ्या. त्याचं नाव व्हायोला.

“व्हायोलिन म्हणायचंय ना?” असं तुम्ही विचारालच. नाही, व्हायोलाच! ही व्हायोलिनची थोरली बहीण. व्हायोलिनचं अंग साधारण १४ इंचांचं, तर व्हायोलाचं बहुधा १५ ते १६॥ इंचांचं. व्हायोलिनची सर्वांत बारीक तार इथे नसते. तिच्याऐवजी खाली एक जाड तार येते. पेटीच्या भाषेत सांगायचं, तर खालून वर पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा. म्हणूनच तिचा आवाज खर्जाकडे झुकलेला, किंचित घोगरा आणि मायेचा वाटतो.

वाद्यवृंदात तिचं काम बहुतेक वेळा मधली फळी सांभाळण्याचं. वरची सुरावट व्हायोलिनकडे, खालचा भार चेलोकडे. “म्हणजे आमच्यासारखंच की!” असं म्हणून हसू नका बरं का. याच वाद्यावर एका बाईने आपलं पोट भरलं आणि नावही मिळवलं. इंग्लंडच्या रिबेका क्लार्क (१८८६ ते १९७९) यांना १९१० मध्ये वडिलांनी घराबाहेर काढलं आणि पैसे बंद केले. शिक्षण अर्धवट सुटलं. हातात व्हायोला होता, त्यावरच त्या उभ्या राहिल्या. १९१९ साली अमेरिकेतल्या एका स्पर्धेत त्यांनी लिहिलेला व्हायोला सोनाटा पहिल्या क्रमांकासाठी बरोबरीत आला. ही रचना एका बाईची आहे, यावर तेव्हा पुष्कळांचा विश्वासच बसेना!

“आता या वयात?”

हा प्रश्न घरातूनच येईल. त्यावर वाद घालू नका. लहान मुलाची बोटं लवकर वळतात, हे खरं. पण ‘असं का’ हे मोठ्या माणसाला लवकर कळतं, आणि आपली चूक आपल्यालाच ऐकू येते. पहिले दोन-तीन महिने दार करकरल्यासारखा आवाज निघणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. रोजच्या सरावाने सहा-आठ महिन्यांत ओळखीच्या गाण्याची सोपी चाल वाजू लागली, तर ती चांगलीच प्रगती समजा.

वाद्य घेताना

मोठं वाद्य म्हणजे चांगलं वाद्य, असं मुळीच नाही. व्हायोला खांद्यावर ठेवून डावा हात पुढे करा. कोपर थोडं वाकलेलं असताना टोकाची गुंडाळी तळव्यात आरामात आली, तर ते माप तुमचं. हात ताणावा लागला तर लहान माप मागा. व्हायोलाचे शिक्षक सगळीकडे मिळत नाहीत. पण व्हायोलिनच्या शिक्षकांकडे सुरुवात करायला हरकत नाही, कारण गज धरायची आणि हात ठेवायची रीत जवळजवळ तीच. शक्य असल्यास आधी भाड्याने घ्या. विकत घेताना वाजवणारं माणूस सोबत न्या. खुंट्या फिरतात आणि जागेवर थांबतात ना, हे पाहून मगच पैसे मोजा.

सरावाचं गणित

रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं मोलाची. पहिले काही आठवडे बोटं न लावता नुसत्या मोकळ्या तारांवर गज सरळ ओढा. गज घोडीला समांतर जातो का, हे आरशासमोर उभं राहून पाहा. व्हायोलाच्या जाड तारा सावकाश बोलतात. त्यांना गजाचं थोडं वजन द्यावं लागतं, नुसती घाई चालत नाही. मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा षड्ज लावून वाजवलंत, तर कान लवकर तयार होतो.

डाव्या हाताची नखं बारीक कापा. बांगड्या, लोंबते डूल आणि लांब मंगळसूत्र वाजवताना बाजूला ठेवलेलं बरं. साडीवर वाद्य घसरत असेल, तर पदर खोचून खांद्याखाली सुती रुमाल ठेवा. मान किंवा मनगट दुखू लागलं की थांबा. चाळिशी-पन्नाशीत खांदा आखडण्याचा त्रास पुष्कळ बायकांना होतो. तसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

निगा

फोडणीचे हात तारांना लावू नका. साबणाने धुऊन कोरडे करा. वाजवून झाल्यावर राळेची पूड मऊ सुती फडक्याने पुसा आणि गजाचे केस सैल करून ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, सांधे सुटतात. म्हणून वाद्य पेटीतच ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते कधीही विसरू नका. तारा बदलताना एका वेळी एकच काढा. सगळ्या एकदम सोडल्या, तर वाद्याच्या पोटातला छोटा खांब पडतो आणि कारागिराकडे जायची पाळी येते.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या वीस मिनिटांत दाराची बेल वाजेल, कुकरच्या शिट्ट्या होतील, कुणाला तरी मोजे सापडणार नाहीत. म्हणून वेळ ठरवा, ती घरात सर्वांना सांगा आणि पाळा. आजवर तुम्ही सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या आहेत. दिवसातली ही वीस मिनिटं त्यांनी तुमच्यासाठी सांभाळायला काय हरकत आहे? त्यासाठी दसऱ्याच्या मुहूर्ताची वाट पाहू नका. येत्या सोमवारी एखाद्या शिक्षकांकडे चौकशी करून या, म्हणजे झालं!